भेटणे, गाठणे, ओलांडणे

अहिरराव सर माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते एका क्रियापदावरून. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी नाशिक रोडच्या शाळेत मराठी शिकवायला लागून तीनच आठवडे झाले होते. शिक्षकांच्या खोलीत एक लांबलचक टेबल होतं आणि त्याच्या पार टोकाला, खिडकीशी, गणिताचे अहिरराव सर बसायचे. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात एक पेन आणि सहा इंची लाकडी पट्टी. त्या दिवशी मधल्या सुट्टीत ते उठले, टेबलाला अख्खा वळसा घालून माझ्यासमोर आले आणि एक कागद पुढे करून म्हणाले, "बाई, तुम्ही मराठीच्या. हे वाक्य मराठी आहे का तेवढं बघा."

कागदावर उदाहरण होतं. पुढे एक मालगाडी चाललेली, मागून जास्त वेगाने प्रवासी गाडी येते. तर दोन्ही गाड्यांची भेट किती वेळाने होईल? मी म्हटलं, मागून येणारा भेटत नाही, तो गाठतो. समोरून येणारा भेटतो. त्यांनी विचारलं, आणि गाठून पूर्ण पुढे निघून गेली तर? मग ती ओलांडते, मी म्हटलं.

त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "मी वीस वर्षं तिन्ही एकच समजून शिकवतोय," असं म्हणाले आणि पुन्हा वळसा घालून जागेवर जाऊन बसले. मला वाटलं, दुखावले. पण दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात मी तास घ्यायला गेले तर फळ्यावर डाव्या कोपऱ्यात तीन शब्द लिहून त्यांना चौकट केलेली होती, आणि खाली: "पुसू नये. मराठीच्या बाईंनी सांगितले आहे."

तेव्हापासून आमचा एक रिवाजच पडला. अंतर, वेग आणि वेळ यांवरची शाब्दिक उदाहरणं हा सरांचा खास प्रांत. पुस्तकातली उदाहरणं त्यांना बेचव वाटत. ते स्वतः रचत आणि दर गुरुवारी मला वाचायला देत. मुलं गणितात नापास होत नाहीत, वाचण्यात नापास होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. मला गणित कधीच आलं नाही, आणि नेमक्या त्याच कारणासाठी मी त्यांना हवी होते. मी वाचताना जिथे अडखळेन तिथे ते पेनाने बारीक टिंब करत.

एकदा मी सहज विचारलं, "अ हे गाव, ब हे गाव, एक माणूस अ पासून ब कडे निघाला. पण हा माणूस कोण? चाललाय कशाला?" मी गमतीत म्हटलं होतं. सरांनी ते मनावर घेतलं. पुढच्या गुरुवारच्या कागदावरचा माणूस बहिणीला माहेरी आणायला निघाला होता, त्याच वेळी तिकडून बहीण भावाची वाट न बघता एकटीच निघाली होती, आणि रस्त्यात दोघं कुठे भेटतील ते काढायचं होतं. घटक चाचणीत ते उदाहरण अर्धं पान खाऊन बसलं. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं आणि हा गणिताचा पेपर आहे की कथा-कथनाची स्पर्धा, असं विचारलं. सर शांतपणे म्हणाले की या वेळी त्या उदाहरणाला हात न लावणारी मुलं वर्गात फक्त चार आहेत. एरवी तीस असतात. मुख्याध्यापकांनी पेपर उलटसुलट केला आणि पुढच्या वेळी पाव पानात बसवा म्हणाले.

वर्गात त्यांची शिकवण्याची रीत ठरलेली होती. कुणी सूत्र म्हणायला लागलं की ते हात वर करून थांबवत. "सूत्र राहू दे. आधी कोण कुठं उभं आहे ते सांग." मग मुलाला फळ्यावर रेघ काढायला लावायची, दोन टोकांना दोन माणसं उभी करायची, कोण कुठे तोंड करून उभा आहे त्याचे बाण काढायचे. एवढं झालं की ते म्हणत, "आता यातल्या एकाच्या खांद्यावर बस." म्हणजे एका गाडीत बसायचं आणि आपण थांबलेलोच आहोत असं धरायचं. समोरून येणारी गाडी मग दोघींच्या वेगांच्या बेरजेने अंगावर येते, आणि पुढे पळणारी गाडी वेगातल्या फरकाने जवळ येते. मागे बसणाऱ्या मुलांनाही हे समजायचं, कारण स्टेशनवर उभ्या गाडीत बसल्यावर शेजारची गाडी हलली की आपणच हललो असं वाटतं, हे नाशिक रोडच्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं.

संगीता नावाची एक मुलगी होती नववीत. गणितात कायम लाल रेघ. तिचे वडील टेंपो चालवत आणि हंगामात बागलाणातून कांद्याच्या खेपा करत. सरांनी एक उदाहरण रचलं होतं: नामपूरहून कांद्याने भरलेला टेंपो ताशी चाळीसने निघतो, त्याच वेळी नाशिकहून बस ताशी पन्नासने निघते, मध्ये अंतर एकशेआठ किलोमीटर, तर किती वेळाने भेटतील? उत्तर सरळ येतं, एक तास बारा मिनिटं. संगीताने उत्तर काढलंच नाही. तिने वहीत लिहिलं होतं, "सर, भरलेला टेंपो भावडबारी घाटाच्या चढावर चाळीसने पळत नाही."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मानू या. सर त्या शनिवारी बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि घाट लागल्यावर घड्याळ हातात घेऊन किलोमीटरचे दगड मोजत गेले. पुढे चाललेल्या एका कांद्याच्या टेंपोमागे बस अडकली, ते त्यांचं भाग्य. सोमवारी त्यांनी नववीला सांगितलं की आपलं उदाहरण चुकीचं होतं, चढावर टेंपोला अठराच्या वर जाता येत नाही, आणि ही चूक संगीताने काढली. मग तेच उदाहरण चढाचा आणि सपाटीचा रस्ता वेगळा करून पुन्हा सोडवलं. पोरीने त्या वर्षी गणितात लाल रेघ येऊ दिली नाही. मला हा प्रसंग तिनेच सांगितला, सरांनी नव्हे. सरांनी मला फक्त विचारलं होतं, 'चढाव' बरोबर की 'चढण'.

शनिवारी ते त्या बसमध्ये का होते, हे मला कळायला वर्ष गेलं. सरांचं घर नामपूरला होतं. तिथे त्यांची म्हातारी आई होती, आणि पत्नी विमलबाई, जवळच्या खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मूलबाळ नव्हतं. सरांची नोकरी खाजगी संस्थेतली, बदली न होणारी. आईला गाव सोडवत नव्हतं. म्हणून सर जेल रोडला एका खोलीत एकटे राहत, शनिवारी अर्धी शाळा सुटली की पिशवी घेऊन निघत, आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत येत. लग्नाला दीड वर्ष झाल्यापासून हे चाललेलं.

त्यांच्या डब्यावरून वार ओळखता यायचा. सोमवारी ज्वारी-उडदाच्या पिठाची, कळण्याची भाकरी आणि ठेचा, शेंगदाण्याची चटणी; आम्हा सगळ्यांना त्यातला तुकडा मिळायचा. मंगळवारी तीच भाकरी, कडक झालेली, ती मात्र ते एकटेच खात. बुधवारपासून खानावळीच्या पोळ्या. गुरुवारी ते माझ्याशी उदाहरणाबद्दल बोलत. शुक्रवारी ते चक्क बोलके असत, कुणाच्याही थट्टेत सामील होत. सोमवारी सकाळी कुणी काही विचारलं तर उत्तर मानेने.

एकदा त्यांनी काटकोनाचं उदाहरण मैदानावर करून दाखवलं, ते मी वरच्या खिडकीतून पाहिलं. झेंड्याच्या खांबापासून एक मुलगी फाटकाकडे निघाली, दुसरी भिंतीकडे. पहिलीने तीन पावलं टाकली की दुसरीने चार टाकायची. दोघींच्या हातात एका सुताच्या दोरीची टोकं, आणि दोरीचं रीळ मधे तिसरीकडे. प्रत्येक वेळी दोरी बरोबर पाच पावलं जास्त लागत होती. पोरी मोजत होत्या, बाकीचा वर्ग ओरडून आकडे म्हणत होता. मग एकीने लांबूनच विचारलं, "सर, अशा चालत राहिलो तर आम्ही परत भेटणार कधी?" सर म्हणाले, या उदाहरणात नाही. मुली हसल्या. तास संपला, वर्ग वर गेला, आणि सर ती दोरी गुंडाळत बराच वेळ मैदानात उभे राहिले. पुढच्या तासाची घंटा झालेली त्यांच्या लक्षात आली नाही. शिपाई बोलवायला गेला.

त्यांची आई गेली तेव्हा आम्ही चौघं शिक्षक नामपूरला जाऊन आलो. त्यानंतर काही महिन्यांनी मी धीर करून विचारलं, आता वहिनी बदली का मागत नाहीत? आता तर अडचण उरली नाही. सर पट्टीने टेबलावरची धूळ सारखी करत होते. म्हणाले, "तिनं अर्ज केलाय असं मला सांगितलं होतं. केला नव्हता." मग पट्टी खाली ठेवून म्हणाले, "मलाही घराजवळ, सटाण्याच्या एका शाळेत जागा मिळत होती, बाई. पाचवी-सहावी शिकवावी लागली असती. मी तिला सांगितलं, जागा भरली."

ते उठून तासाला गेले. तो विषय नंतर आमच्यात कधी निघाला नाही.

दोन हजार सालानंतर लवकरच ते निवृत्त झाले. निरोप समारंभात भाषण करा म्हटल्यावर ते उभे राहिले आणि म्हणाले की एकोणतीस वर्षं मी आठवड्यातले दीड दिवस घरी राहिलो, आता सात दिवस राहणार आहे, अजून काय सांगू. टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांचे डोळेसुद्धा पाणावले. जेल रोडची खोली त्यांनी त्याच संध्याकाळी सोडली. सामान म्हणजे दोन पेट्या, एक स्टोव्ह आणि वर्तमानपत्रात बांधलेले उदाहरणांचे कागद.

सात महिन्यांनी, बाजारात मेथी निवडताना मला ते दिसले. पाठमोरे. खांद्यांवरून ओळखलं. मी हाक मारली तेव्हा ते दचकले, आणि एका कामासाठी आलोय म्हणाले. पिशवीत एक कांदा, दोन टोमॅटो, चार मिरच्या. एका दिवसासाठी आलेला माणूस भाजी घेत नाही. मी तसं म्हटलं नाही, पण त्यांना ते कळलं असावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. माझे मिस्टर प्रेसमधून यायचे होते. चहा हातात आल्यावर ते जे बोलले ते एका दमात.

तिकडे काहीच वाईट घडलं नव्हतं. भांडण नाही, शब्दाला शब्द नाही. विमलबाईंनी त्यांच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा केला होता. स्वतःची खाट आतल्या खोलीत नेली, कारण त्या पहाटे पाचला उठून रेडिओ लावत आणि यांची झोप मोडेल असं त्यांना वाटलं. जेवताना त्या आधी यांना वाढत आणि शेजारी उभ्या राहत. शाळेतून आल्यावर चहा घेणार का असं विचारत, रोज. यांनी भांडी घासली तर त्या ती पुन्हा त्यांच्या जागी नीट लावत. त्यांचं घर कसं चालतं हे यांना माहीत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटत होती.

"बाई, सात महिने मला रोज आंघोळीला घडी न मोडलेला टॉवेल मिळाला," सर म्हणाले. "पाहुण्याला देतात तसा. एक दिवस मी म्हटलं, कालचाच चालेल. तर तिला रडू आलं. का आलं ते तिलाही सांगता येईना."

त्यांनी जेल रोडलाच पुन्हा खोली घेतली होती. तीच नाही, त्याच गल्लीतली दुसरी.

महिनाभराने एका सकाळी दारात एक ठेंगण्या, गोऱ्या, जाड काठाचं सुती लुगडं नेसलेल्या बाई उभ्या. हातात पिशवी. "भाषेच्या बाई तुम्हीच ना," म्हणाल्या. विमलबाई. त्यांनी मला कधी नीट पाहिलं नव्हतं, सासू गेल्या तेव्हा गर्दीत असेल तेवढंच. पिशवीत मिरचीचा ठेचा, उडदाचे पापड, आणि एक डबा कळण्याच्या पिठाचा. अर्धं माझ्यासाठी, अर्धं सरांच्या खोलीवर पोचवायचं. स्वतः जाणार नाही का, मी विचारलं. जाईन ना, म्हणाल्या, पण तुम्हाला आधी भेटावं वाटलं. मग, ते जेवतात का नीट, एवढंच विचारलं.

मग त्यांनी पत्रांचं सांगितलं. फोन नव्हता त्या काळात सर दर बुधवारी पत्र टाकत. शेवटी एक उदाहरण असायचं. मी इतक्या वाजता निघणार, गाडी इतक्या वेगाने, अमुक ठिकाणी इतका वेळ थांबणार, तर मी घरी किती वाजता पोचेन? मी विचारलं, तुम्ही सोडवायच्या? त्या पहिल्यांदाच हसल्या. "कशाला? उत्तर शनिवारी घरी यायचंच की चालत."

चहाचा कप त्यांनी उष्टा न करता तसाच धरून ठेवला होता. साय धरली. मला न बघता त्या म्हणाल्या, "बाई, मी काय त्यांना घालवलं नाही. गावात लोक बोलतात तसं काही नाही. पण मला वाट पाहायची सवय लागेल होती. ते घरातच येऊन बसले. मंग मी वाट कोनाची पाहू?"

मी त्यांना खोलीच्या गल्लीपर्यंत सोडलं. त्या आत गेल्या, दार लागलं नाही, अर्धं उघडंच राहिलं. मी परत फिरले. दुपारच्या गाडीने त्या गेल्या असं मागाहून कळलं.

त्यानंतरची तीन-चार वर्षं सर नाशिक रोडलाच होते. खोलीवर शेजारची मुलं गणित विचारायला यायची, त्यांच्याकडून ते काही घेत नसत. गुरुवारी कधीमधी माझ्याकडे एखादा कागद येई, कुणा मुलाच्या हाती पाठवलेला. उदाहरणं आता लहान झाली होती. माणसांना नावं नसत, कशाला चालले आहेत तेही नसे. पहिल्यासारखी नुसती अ आणि ब. मी एकदा चिठ्ठीत विचारलं, हा माणूस कोण? उत्तर आलं नाही. मग माझीही शाळा सुटली, आम्ही मुलाकडे गंगापूर रोडला राहायला गेलो, आणि ते कागद यायचे थांबले. जाऊन बघायला हवं होतं. नाही गेले. दोन बसचं अंतर होतं.

शेवटचं पाहिलं ते सटाण्याच्या बस स्टँडवर. मी देवळ्याच्या पुढे एका लग्नाला गेले होते आणि परतीची गाडी धरायला तिथे आले होते. दुपारचे दोन वाजले असतील. कांद्याचे दिवस होते, रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागलेली, आणि स्टँडवर धूळच धूळ. फलाटाच्या टोकाला, जिथे कुणी सहसा बसत नाही, तिथल्या बाकावर सर आणि विमलबाई बसले होते. दोघांच्या मधे वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर डबा उघडा. सरांचे केस पूर्ण पांढरे झाले होते. ते काहीतरी सांगत होते, हातवारे करून, आणि विमलबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. इतक्या वर्षांत सरांना कुणाला असं हसवताना मी पाहिलं नव्हतं. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातावर ठेवला आणि त्यांनी तो न बघता तोंडात टाकला.

मी जाऊन बोलायला निघाले होते. दोन पावलं टाकली आणि थांबले. चहाच्या टपरीवाल्याने माझी नजर पाहिली असावी. "मास्तर हायेत," तो म्हणाला. "ते नाशिककडून येतात, बाई नामपूरकडून. दर शनिवारी. पाऊस असो की ऊन. लय वर्सं झाली."

मी विचारलं, मग जातात कुठे?

"कुठं न्हाय. जेवतात, बसतात. चारला ज्याच्या त्याच्या गाडीनं माघारी."

मी खांबाच्या आड उभी राहिले. माझी गाडी लागली, भरली, मी जाऊ दिली. चारच्या आधी नामपूरची बस आली. सरांनी पिशवी उचलून दिली, बाई चढल्या, खिडकीपाशी जागा मिळाली. सर खिडकीखाली उभे राहिले. बस हलली तेव्हा त्यांनी हात वर केला नाही, नुसते बसबरोबर चार-पाच पावलं चालले, आणि मग बस फाटकातून वळून दिसेनाशी झाली.

सर बाकाकडे परत आले. डबा बाई घेऊन गेल्या होत्या. बाकावर सांडलेले भाकरीचे कण त्यांनी तळहाताने गोळा केले, फलाटाच्या कडेला चिमण्यांना टाकले, आणि बाकावर एका कडेला बसले, शेजारी माणसाची जागा सोडून. नाशिकची गाडी समोर येऊन लागली होती. कंडक्टरने दोनदा हाळी दिली. ते बस गेलेल्या फाटकाकडे बघत बसून होते.